सत्ताविसावे नाव

मित्रांनो, मी एक जुना पितळी खटका आहे. बिनतारी संदेश पाठवायच्या यंत्राला जोडतात, तो. बोटाने दाबला की 'कट', जरा दाबून धरला की 'कडड'. या दोनच आवाजांत सारी अक्षरे बसवलेली असतात. आज मी एका शिवणयंत्राच्या खणात रिकाम्या रिळांच्या संगतीत पडून आहे. एक म्हातारा हात सोडला तर माझी विचारपूस करणारे कोणी नाही.

माझा जन्म जळगाव जामोदचा. महाराष्ट्र राज्य होऊन पाच-सहा वर्षे झाली होती. विज्ञान शिकवणाऱ्या शेषराव गुरुजींनी दाराची मोडकी बिजागरी आणि करवतीचे तुटके पाते घेऊन मला घडवले. गुरुजींना बिनतारीचा भारी नाद. रोज सकाळी आठाला नागपूर, खामगाव, पुण्याकडची हौशी मंडळी हवेतल्या हवेत भेटत, एकमेकांना रामराम घालत आणि तासभर यंत्रांविषयी बोलत. बहुतेक सगळे इंजिनिअर. तोंड कोणी कोणाचे पाहिलेले नसे, पण ठोकण्यावरून हात ओळखू येई.

गुरुजींनी ठरवले, ही विद्या गावालाही शिकवायची. शिकायला आले कोण, तर एक पोस्टमन, एक भाजीवाला आणि शेजारच्या सुभद्राबाई शिंपीण. पहिले दोघे महिन्याभरात पसार झाले. बाई टिकल्या. "पायानं मशीन चालते, तं बोटानं हे काऊन नाही चालणार?" असे म्हणून त्यांनी मला पहिल्यांदा दाबले. दोन वर्षांनी परीक्षा देऊन त्यांनी परवाना मिळवला. गुरुजींनी आपले जुने यंत्र आणि मला त्यांच्या घरी नेऊन बसवले. मी ताठ मानेने गेलो.

पण हवेतल्या मंडळींनी त्यांचे स्वागत काही धड केले नाही. बाईंचा हात संथ. खामगावचे इंजिनिअर भाऊराव यांनी तर एकदा स्पष्टच ठोकले, बाई, तुम्ही नुसते ऐकत जा, आमचा वेळ जातो. बाईंनी मला फडक्यात गुंडाळून ठेवले. मला वाईट वाटले, त्याहून जास्त राग आला. अंगात वीज असून कोणाला चावता येत नव्हते. बाईंचे यजमान दयाराम यांनीच मला बाहेर काढले. "तुह्या शिवणीलेही लोकायनं नावं ठेवली होती," ते म्हणाले, "तवा मशीन इकली होती काय?"

असा हा माणूस. बाईंनी शिवलेले कपडे घेऊन तो नांदुऱ्याच्या बाजाराला जाई. श्रावणातल्या एका सकाळी आभाळ भरून आले होते आणि त्याचे जायचे मन नव्हते. पण यंत्राला तांब्याची तार हवी होती. बाईंनीच आग्रह करून धाडले.

दुपारी बातमी आली. पूर्णेला पूर आला होता. परतीची एस.टी. नदीकाठी अडकली, पाणी चढत गेले आणि माणसे पांगली. कोणाला नावाड्यांनी काढले, कोण वाहून गेले, काही कळेना. टेलिफोनच्या तारा आडव्या झालेल्या. गुरुजी दोरखंड घेऊन गड्यांबरोबर नदीकडे गेले. बाई माझ्यापुढे बसल्या आणि हाका घालू लागल्या. बऱ्याच वेळाने उत्तर आले, ते नेमके भाऊरावांचे. वाचलेली माणसे पलीकडच्या काठावर एका शाळेत ठेवली होती. भाऊराव यंत्र घेऊन तिथे पोचले होते आणि मोटारीच्या बॅटरीवर ते चालवत होते. "नावे पाठवा. इथे आहेत का ते सांगतो. बॅटरी फार टिकणार नाही."

अंगण माणसांनी भरले, आणि तिथेच गाडे अडले. बायका नवऱ्याचे नाव घेईनात. एक म्हणाली, गोदीचे बाबा. दुसरी म्हणाली, आमच्या घरचे. बाईंना त्यात काही वावगे वाटले नाही, त्यांनी तसेच ठोकले. पलीकडून चिडून उत्तर आले, इथे बाबा पंधरा आहेत, नाव पाठवा.

सोजराबाई रडकुंडीला आली. "जलमात नाही घेतलं. आज घेतलं अन् त्याईले काही झालं तं?"

बाई म्हणाल्या, "तुह्या घरचं नाव शेजारीण सांगीन. तिच्या घरचं तू सांग."

मग नावे आली. बाई संथपणे ठोकत होत्या, पण अक्षर एकही चुकले नाही. भाऊरावांना एकदाही पुन्हा विचारावे लागले नाही. आहे. आहे. नाही. 'नाही' आले की अंगणात कोणीतरी मटकन खाली बसे. सव्वीस नावे झाली. ज्याला त्याला आपापले सुख नाहीतर दुःख पुरून उरले होते.

"आणखी कोणी? बॅटरी संपते आहे." आवाज दमल्यासारखा येऊ लागला होता.

बाईंचे बोट माझ्यावर होते आणि ते हलेना.

"बाई, तुमचं राह्यलं," सोजराबाई म्हणाली. "मी सांगू काय नाव?"

"तू तोंडानं सांगशीन. ठोका लागते तं मलेच."

मित्रांनो, घाबरलेले बोट किती थंड असते, ते मला त्या दिवशी कळले. बाईंनी डोळे मिटले आणि एकेक अक्षर ठोकले. दयाराम. लग्नाला अठरा वर्षे झाली होती, आणि त्यांनी हे नाव पहिल्यांदा घेतले होते.

श्वास असता तर मीही रोखला असता. मग उत्तर आले. नेहमी घाईत ठोकणारे भाऊराव बाईंच्याच चालीने, सावकाश ठोकत होते. "आहे. पाय मोडला आहे. तारेचे भेंडोळे हातातून सोडत नाही."

त्यानंतर बॅटरी गेली.

पुढे कित्येक वर्षे सकाळी आठाला पहिली पाळी बाईंची असे, आणि त्यांचे ठोकून होईपर्यंत सगळे थांबत. मग घरोघरी फोन आले, मंडळी विरळ झाली, यंत्र माळ्यावर गेले. दयारामही गेले. म्हणून सांगतो, तुमच्या मंडळींत कोणी संथ हाताचे नवखे माणूस आले, तर त्याला नुसते ऐक म्हणू नका. आणि माझ्यासारखी जुनी वस्तू दिसली, तर तिच्यावरचा हिरवा गंज तेवढा पुसा.

बाईंनी ते नाव तोंडाने कधीच घेतले नाही. पण रोज सकाळी आठाला त्या खण उघडतात आणि माझ्यावर चारच अक्षरे ठोकतात. मला तार जोडलेली नाही. तरी मी एकही अक्षर गाळत नाही.