अमावस्येची किटली

शिवकन्येला एका जागी बसवत नव्हतं. ओट्यावर बसली की आत जावंसं वाटे, आत गेली की उघडा लॅपटॉप दिसे आणि ती पुन्हा बाहेर येई. "पायाला भिंगरी लागली का गं तुझ्या?" आई केसरबाई म्हणाली. भिंगरी पायाला नव्हती, डोक्याला होती.

अंबाजोगाईच्या कॉलेजात ती पीएच.डी. करत होती. विषय सांगितला की पाहुणे चहाचा कप तोंडाशीच धरून बसत. कोणता देश कोणाला कांदा विकतो, त्याचं जाळं! प्रत्येक देश म्हणजे एक ठिपका, प्रत्येक व्यापार म्हणजे दोन ठिपक्यांमधली रेघ. कोणता ठिपका उचलला तर जाळं फाटतं, ते हुडकायचं. कडा गावच्या बाजारात कांदा बघत वाढलेल्या पोरीला हा विषय सुचला यात नवल नव्हतं. पण तिच्या जाळ्याचे मधोमध दोन तुकडे पडले होते. "पलीकडचे देश काय कांद्यावाचून जेवतात?" असं सरांनी विचारलं होतं. सोमवारी उत्तर द्यायचं होतं आणि ते तिच्याकडे नव्हतं.

त्यात घरात दुसरंच पेटलं. वडील विठ्ठलराव गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. दुष्काळाचं दुसरं वर्ष, विहिरींनी तळ दाखवलेला. दूध कमी पडलं तर गाडी बंद करू, असं वरच्या संघानं बजावलेलं. सगळ्यांचं दूध आटलं, आणि वस्तीवरच्या आसारामचं मात्र वाढलं. त्याच्या दावणीला दोन गाई, त्यातली एक भाकड, आणि किटली काठोकाठ.

"पावडर कालवतो, दुसरं काय," विठ्ठलराव म्हणाले. "नाथाचा भगत म्हणवतो अन् गावाला पावडर पाजतो. आज मीटिंगमधी नावच कमी करतो त्याचं."

नाव कमी होणं म्हणजे नुसती बेअब्रू नव्हती. सोसायटीचा चारा फक्त सभासदाला मिळे. तो तुटला की आसारामच्या गाई बाजाराच्या वाटेला लागणार होत्या.

"पुरावा काय, अण्णा?"

"परवा अमावस्या होती. त्याच्या घरी त्या दिशी दूध विकत न्हाईत, नाथाच्या नावानं लेकरांना वाटतेत. बापजाद्यापासून. वाटलं बी त्यानं, मी डोळ्यानं बघितलं. अन् सांच्याला किटली हजर! वाटलेलं दूध परत आलं व्हय?"

विठ्ठलराव या पुराव्यावर फार खूश होते. शिवकन्या मात्र जागीच थबकली. स्वतःचं नसताना विकणारा. असे देश तिच्याही नकाशात होते. इवलीशी बंदरं, वाफाभर कांदा लावायला जमीन नाही, आणि जहाजं भरभरून कांदा पाठवतात. आकड्यांची चूक म्हणून तिने ते ठिपके पुसून टाकले होते. चूक कसली! कांदा दुसऱ्यांचा होता, तो फक्त त्यांच्या दारातून पुढे जात होता. जाळं तिथंच फाटलं होतं, आणि फाडणारी ती स्वतः होती. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. चपला अडकवून ती तडक वस्तीवर निघाली.

आसाराम गोठा झाडत होता. "काका, अमावस्येचं दूध कुणाचं होतं?"

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "इचारू नका, ताई."

"माळापलीकडचं?"

पलीकडच्या गावची सोसायटी दुष्काळात बंद पडली होती. आणि बाहेरच्या गावचं दूध घ्यायचं नाही, हा इथला नियम खुद्द विठ्ठलरावांनी केलेला.

"कडूबाई, सारजाबाई, अजून एक हाय," आसाराम हळूच म्हणाला. "माझ्या किटलीत घालतेत. पर तुमी बोललात तर माझं नाव वाचंल अन् त्यांचं दूध उद्यापासून मातीत. त्यापरीस मला पावडरवाला म्हणू द्या."

"तुमचं नाव गेल्यावर त्यांचं दूध कुणाच्या किटलीत जाणार?"

आसारामनं पुन्हा झाडू उचलला. परतताना आपण चालतोय की पळतोय, हे तिचं तिलाच कळेना. बोललं तर बायका बुडतात, गप्प बसलं तर सगळेच. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

मीटिंग सांजेला, दूध घालायच्या वेळीच, सोसायटीच्या ओट्यावर होती. आसारामला समोर बसवलेलं. सेक्रेटरी बंकटनं ठराव वाचायला घेतला तशी शिवकन्या पुढे झाली.

"अण्णा, चोर सोडून संन्याशाला फाशी देताय. काका पावडर कालवत नाहीत. दुसऱ्यांचं दूध त्यांच्या हातून येतं. आपल्या सगळ्यांचं आटलंय, त्या दुधामुळंच गाडी गावात येते. काकांना काढलंत तर उद्या तुमचं दूधही घरातच नासेल."

सभासद एकमेकांकडे बघू लागले.

"कुणाचं दूध?" विठ्ठलरावांनी विचारलं. "नावं सांग."

आसारामनं तिच्याकडे पाहून हात जोडले. देश तिने एका बोटानं पुसले होते, तेव्हा असे हात कुणी जोडले नव्हते.

"आधी त्यांना सभासद करून घ्या. मग सांगते."

"बापाला अटी घालतीस?"

"चेअरमनला घालतेय."

विठ्ठलरावांचा चेहरा लाल झाला. पण काही बोलायच्या आत ओट्यासमोर तीन बायका येऊन उभ्या राहिल्या, डोक्यावर किटल्या घेऊन. रोज त्या आसारामच्या गोठ्यातूनच मागं फिरत. आज तो घरी सापडला नाही, आणि उन्हाळ्यात दूध काही कुणाची वाट बघत नाही.

पुढच्या बाईनं किटली बंकटसमोर ठेवली. बंकटनं दुधाचा कस मोजायची डिग्री लावून पाहिली. "दूध बराबर हाय," तो म्हणाला आणि सवयीनं पेन उचलला. "कुणाच्या नावावर?"

त्या बाईनं आसारामकडे पाहिलं, त्याच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं, भोवतीची माणसं पाहिली. काय चाललंय ते तिला कळलं. तिनं पदर खोचला.

"कडूबाईच्या."

बंकटचा पेन हवेतच राहिला. लांबून गाडीचा हॉर्न ऐकू आला. विठ्ठलरावांनी रस्त्याकडे पाहिलं, मग सभासदांनी आणलेल्या अर्ध्यामुर्ध्या किटल्यांकडे. लेकीकडे त्यांनी पाहिलं नाही.

"तो ठराव फाड," ते बंकटला म्हणाले. "अन् ह्या तिघींचं घे. आजच्यापुरतं."

दूध मोठ्या कॅनमध्ये ओतलं गेलं. शिवकन्या ओट्याच्या कडेला टेकली, पण पाय हलायचे थांबेनात. कडूबाईनं रिकामी किटली उचलली आणि चेअरमनकडे वळून म्हणाली,

"उद्या बी येनार हाय मी."