हत्याराला चपला

बेलापूरच्या रंगनाथ सुताराने बहात्तर साली विजेचं ड्रिल मशीन आणलं. वायरमनने बजावलं, "ओल्या जमिनीवर अनवाणी चालवू नका. पायात रबरी चपला पाहिजेत."

रंगनाथने मान डोलावली आणि चपला नेहमीसारख्या उंबऱ्याबाहेर ठेवल्या. त्याच्या घरात चपला घालून हत्याराला कुणी कधी शिवलं नव्हतं, आणि ड्रिल हेही हत्यारच.

खंडेनवमीला त्याच्या बायकोने, छबूबाईने, दुकान शेणाने सारवलं. ओल्या जमिनीवर करवत, रंधा आणि ड्रिल मांडून रंगनाथने सगळ्यांवर पळीपळी पाणी सोडलं. मग देवासमोर एकदा चालवावं म्हणून ड्रिलचं बटण दाबलं. हात मशीनला चिकटला. छबूबाईने भिंतीवरचा खटका बंद केला, म्हणून वाचला.

वायरमन पुन्हा येऊन चपलांचं बोलला, तर रंगनाथ म्हणाला, "हत्याराचा अपमान आपल्याच्यानं व्हायचा न्हाई." ड्रिल वर्षभर फडक्यात पडून राहिलं.

पुढच्या खंडेनवमीला पूजा छबूबाईने मांडली. करवत, रंधा, ड्रिल आणि शेजारी नव्या रबरी चपला. चौघांनाही तिने हळदकुंकू वाहिलं, पाणी कशावरच सोडलं नाही.

"आता ह्याबी हत्यारच हायेत," ती म्हणाली. "घाला पायात."