बाजूची लाइन

सिस्टरांनी हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट ओढला आणि कठड्यावरून वाकून खाली पाहिलं. चौथऱ्यावरून एक जाडजूड पाइप धक्क्याकडे जात होता. त्याच्या मधोमध मीटर होता, आणि मीटरला वळसा घालून एक बारकी लाइन पुढे त्याच पाइपाला परत मिळत होती. पलीकडे जहाज लागलं होतं.

"जहाजात जाणारा थेंब अन् थेंब हा मीटर मोजतो," तेल कंपनीचे अधीक्षक सांगत होते. "देशाचा वाटा ठरतो तो याच आकड्यावरून."

तेलाच्या उत्पन्नावर लोकांची नजर राहावी म्हणून नेमलेल्या समितीचे सदस्य माना डोलावत होते. सिस्टर बंदरावरच्या सरकारी दवाखान्यातल्या. गावाने त्यांना एकमताने निवडून दिलं होतं. अर्धं गाव त्यांच्याच हातांत जन्मलेलं, नाही म्हणायची कुणाची छाती? तेलाच्या पैशातून बांधायचा प्रसूतिकक्ष मात्र पायाच्या वर आला नव्हता. उत्पन्न अपेक्षेपेक्षा कमी झालं, असं दर वर्षी कळवलं जाई, आणि सिस्टर एकेका पाळण्यात दोन-दोन बाळं निजवत.

अधीक्षकांच्या मागे मापनाचा इंजिनिअर उभा होता. तो सिस्टरांचा जावई.

मागच्या रविवारी तो एकटाच घरी आला होता. चहा समोर निवत राहिला. मग म्हणाला, "आई, ती बाजूची लाइन दुरुस्तीपुरती असते. एरवी तिच्या व्हॉल्व्हला सील हवं. पण जहाज भरायला लागलं की वरून फोन येतो. सील तोडतात, लाइन उघडतात, तेल मीटर चुकवून जातं. काम झालं की नवं सील लावतात."

एवढंच बोलून तो उठून गेला होता. त्याने आपल्या हाती एक प्रश्न दिलाय, असं सिस्टरांनी धरलं. आठवडाभर पट्ट्या बांधताना, सलाइन लावताना तो प्रश्न त्यांनी मनात घोळवला होता.

"साहेब," त्या आता म्हणाल्या, "जहाज भरताना ही बाजूची लाइन उघडतात का?"

अधीक्षकांच्या चेहऱ्यावरचं हसू जराही हललं नाही. "अहो, हे आमच्या इंजिनिअरांचं खातं. सांगा हो यांना."

जावयाने हेल्मेट काढलं, पुन्हा डोक्यावर ठेवलं.

"नाही, मॅडम. सील बघा ना. शाबूत आहे."

लग्न झाल्यापासून त्याने त्यांना आईशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. सिस्टरांनी सीलकडे पाहिलं. सगळ्या गंजलेल्या व्हॉल्व्हवर तेवढंच चकाकत होतं.

समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. सरळ माणूस. ते वळून म्हणाले, "सिस्टर, तुमच्याकडे काही वेगळी माहिती असेल तर आत्ता नोंदवून घेऊ. फक्त ती कुणाकडून मिळाली, तेवढं सांगावं लागेल. नियमच आहे."

ते खरोखरच वाट पाहत थांबले. जावई सिस्टरांच्या चपलांकडे बघत होता. लेकीला सातवा महिना लागला होता, आणि लेक-जावयाच्या डोक्यावरचं छप्पर कंपनीचं होतं.

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "वेगळं काही नाही."

संध्याकाळी लेक-जावई घरी आले. लेक आत गेली. तो पायरीवरच बसून राहिला, बूटही न काढता. सिस्टर शेजारी टेकल्या.

"तुम्ही विचाराल असं वाटलं नव्हतं," तो म्हणाला.

"मग मला सांगितलंत कशाला?"

त्याने बराच वेळ बुटाची नाडी सोडली, बांधली. "कुणाला तरी सांगायचं होतं, आई. छातीवर धोंडा ठेवल्यासारखं झालं होतं. तुम्हाला सांगितलं आणि त्या दिवशी झोप लागली."

सिस्टरांनी पदराने चेहरा पुसला.

लेक कमरेवर हात ठेवून बाहेर आली. "काय कुजबुज चाललीय सासू-जावयांची?"

"काही नाही गं. दमलेय जरा."

लेक दोघांच्या मधे बसली. सावकाश, कठड्याचा आधार घेत. आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"लाइनीचंच ना?" ती हळूच म्हणाली. "ह्याने मला केव्हाच सांगितलंय, आई. तुझ्याही आधी."

तिघंही रस्त्याकडे तोंड करून बसली. समोरून बंदरावरचा हमाल कामावरून परतत होता. त्याची सून याच आठवड्यात बाळंतपणाला सिस्टरांकडे यायची होती. तो फाटकाशी थांबला.

"काय सिस्टर, आज आत जाऊन आलात म्हणे? पाहिलंत सगळं?"

लेकीने आईचा हात धरला.

"पाहिलं," सिस्टर म्हणाल्या.

"बरं झालं बाई," तो म्हणाला. "आपलं कुणीतरी बघतंय म्हटल्यावर बरं वाटतं." आणि फाटकाची कडी नीट लावून तो पुढे गेला.