गोविंदपुऱ्याच्या फाटकावरचा डब्बा

मित्रांनो, मी हजेरीचा डब्बा आहे. वय वर्षे पाच. तुम्हाला हसू येईल, पण आमच्यात एवढ्यातच म्हातारपण येतं. भोपाळच्या गोविंदपुऱ्यात, एका छोट्या कारखान्याच्या फाटकावर मी टांगलेला आहे. समोर चेहरा आला की मी तो ओळखतो आणि म्हणतो, "धन्यवाद, हाजिरी लग गई."

मी आलो तेव्हा मला हार घातला होता. हजेरीची वही त्याच दिवशी माळ्यावर गेली. "मशीन चुकत नाही," असं सगळे म्हणाले, आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते खरं वाटलं.

नरहर लेथवर काम करायचा. बारा वर्षं कंत्राटी. डोक्यावर दाट केस, भरघोस मिशी. वडील गेले तेव्हा त्याने दहाव्याला दोन्ही उतरवली आणि तेरावं आटोपून तो कामावर आला.

फाटकावर चौकीदार रफीकभाईंनी त्याचा हात हातात घेतला. "नरहर भाई, पिताजी का सुना. बड़ा अफसोस हुआ." मग नरहर माझ्यासमोर उभा राहिला. मी लाल दिवा लावला. ओळख पटली नाही.

हजेरी लागल्याशिवाय आत सोडायचं नाही, असा नियम. हजेरीबाबू शैलेंद्र बाहेर आले. मूळचे इंदूरचे, मराठीच.

"नरहरराव, मला दिसतंय ना, तुम्हीच आहात. पण मशीन मानत नाहीये. नवीन फोटोची परमिशन वरून मागवतो."

अर्ज गेला. उत्तर आलं नाही. नरहर दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशीही आला. दिवसभर बाकावर बसून राहिला. रफीकभाई त्याला चहा पाजायचे, शैलेंद्र मान हलवायचे, आणि मी लाल दिवा लावायचो. कंत्राटी माणूस न कळवता तीन दिवस माझ्या नोंदीत गैरहजर राहिला की त्याचं नाव यादीतून आपोआप निघतं. ते निघालं.

चूक माझीच. पण मला शिकवलं तेवढंच मला येतं हो. ज्यांनी त्याचं सांत्वन केलं, त्यांना तर तो ओळखू येत होता! त्यांनी स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्यावर भरवसा ठेवला. त्या भरवशाचं मला फार ओझं होतं.

दीड महिन्याने नरहर त्याची हत्यारांची पेटी न्यायला आला. केस वाढले होते, मिशीही आली होती. बारा वर्षं जुना कामगार, पाय सवयीने माझ्यासमोर थांबले. यादीतून नावं जातात, पण माझ्याकडचे चेहरे पुसायचं कुणाच्या लक्षात येत नाही. मी हिरवा दिवा लावला आणि मोठ्याने म्हणालो, "धन्यवाद, हाजिरी लग गई."

रफीकभाईंनी मान खाली घातली. नरहर माझ्याकडे बघत राहिला.

"आता ओळखलंस होय," तो म्हणाला, आणि पेटी उचलून गेला.

मित्रांनो, माझी काच रोज पुसता, ते ठीक आहे. पण ओळखीचा माणूस दारात उभा असेल, तर तो कोण आहे हे मला विचारू नका.