उलट्या ट्रकातलं वऱ्हाड

"बाया मागं बसतील. आन् गोजरे, तू पार मागच्या फळक्यापाशी. शिवंवर पोरीकडचे म्होरं येतील तवा तुजं त्वांड दिसायला नगं," आप्पासाहेबांनी बहिणीला बजावलं आणि नवरदेवाला घेऊन स्वतः केबिनात चढले.

गोजरबाई मागं जाऊन बसली. आई गेल्यावर रंगनाथला याच विधवा आत्यानं वाढवलं होतं, आणि आज त्याच्याच लग्नात तिनं तोंड लपवायचं! आम्हा मागच्यांना लई राग आला, पण आप्पांपुढं बोलणार कोण?

ट्रक रंगनाथच्या थोरल्या भावाचा, सहादेवचा. लष्कराच्या लिलावातलं भंगार. ते आमच्या गावात, सोनईत आलं तेव्हा आप्पा हसून हसून दमले होते. सहादेवनं पंख्याला विहिरीवरच्या इंजिनाचा पट्टा लावला, सीटला जुन्या मोटेचं चामडं. पाण्याची टाकी गळायची थांबेना, तेव्हा गोजरबाईनं आपला तांब्याचा हंडा पत्र्यासाठी कापायला दिला. केबिनच्या डाव्या दाराला कडी नव्हती, ते बाहेरून काथ्यानं बांधलं. दुष्काळात गावातले बैल विकले गेलेले, म्हणून आप्पांनाही यातच बसावं लागलं.

नवरीच्या गावच्या, देवळालीच्या शिवेवर वाजंत्री दिसले आणि सहादेवनं करकचून ब्रेक दाबला.

"काय झालं रं?"

"म्होरचे गिअर अडाकले, आप्पा. मागचा त्येवढा पडतुया."

"मंग आता?"

"उलटं जाऊ. तुमी हलू नका."

करपल्या रानात मागं मागं घेत त्यानं ट्रक फिरवला. धुरळ्यातून आमची पाठ आधी शिवेवर पोचली. आम्ही फळका पाडला, आणि कडेला बसलेली गोजरबाईच सगळ्यांत आधी खाली उतरली. जो आधी उतरेल त्याला पहिला मान, ही तिकडची रीत. नवरीची आई, मालनबाई, तांब्या घेऊन पुढं आली, तिनं गोजरबाईच्या पायांवर पाणी घातलं, ओवाळलं, हातात नारळ दिला.

"पोराला तुमीच वाडवलं म्हनत्यात. या, इहीनबाई."

गोजरबाईच्या डोळ्यांना धार लागली. आमचेही डोळे भरले, खोटं कशाला बोलू!

तिकडं केबिनात आप्पा बोंबलत होते, "आरं, दोरी सोड की!"

"गाठ लई घट्ट बसलीया, आप्पा. दमानं."

लग्न झकास लागलं. परतीला नवरी चढली, सहादेवनं पहिला गिअर टाकला आणि ट्रक सरळ पुढं निघाला. आप्पांनी डोळे वटारले.

"म्होरचे गिअर अडाकले हुते न्हवं रं?"

"व्हय की," सहादेव रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "नव्या सुनंचा पायगुन, आप्पा."