चौथ्या गल्लीतलं झाड

त्या शरदात माझ्या फोनवर अस्वलांच्या बातम्या सतरा ठिकाणांहून येत होत्या. त्यांत प्रांताचा इशारा, गावाचा इशारा, दोन वर्तमानपत्रं, बालवाडीतल्या आयांचा गट, अस्वल दिसलं तिथे लाल ठिपका उमटवणारा नकाशा, आणि होक्काइदोतला एक निवृत्त वनरक्षक. हा गृहस्थ रोज सकाळी अस्वलाच्या विष्ठेचा फोटो टाकून त्यावर दोन परिच्छेद लिही. मी तेही वाचत असे. आमची इतो तीन वर्षांची, घर उत्तर जपानातल्या आकितात, डोंगराच्या पायथ्याशी. आईने बेसावध राहून कसं चालेल? तीन आठवडे मी तिला अंगणात पाऊल टाकू दिलं नव्हतं.

"अगं, अस्वलांनासुद्धा एकमेकांची इतकी खबर नसते," माझा नवरा शूहेई म्हणायचा.

"इवातेत काल एक दुकानात शिरलं."

"चिनामी, इवाते डोंगरापलीकडे आहे."

"मग? अस्वलाला डोंगर आडवा येतो?"

यावर तो डबा उचलून कामावर निघायचा.

माझा हा अभ्यास जोरात असतानाच डावीकडच्या घरातल्या कुबोदेरा आजी गल्लीची पाटी देऊन गेल्या. चाप लावलेली पाटी, तिच्यावर गल्लीच्या सूचना. वाचायच्या, आपल्या नावापुढे सहीऐवजी आपला शिक्का मारायचा आणि पाटी उजवीकडच्या ओइकावांच्या दारात ठेवून यायची. मी ती चपलांच्या कपाटावर ठेवली, निवांत वाचू म्हणून. कचऱ्याचे वार बदलले असतील, आणखी काय असणार? मग तिच्यावर हातमोजे आले, एक जाहिरातींचा गठ्ठा आला, इतोची लोकरी टोपी आली.

चारेक दिवसांनी आजी कुंपणाशी थांबल्या. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ वाकलेली, आवाज मात्र खणखणीत.

"काय लगडलंय हो तुमचं पर्सिमनचं झाड! ती नारिंगी फळं पार पुलावरून दिसतात."

"घ्या ना काढून दोन-चार," मी फोनमधून डोकं वर न काढता म्हटलं.

"तुम्ही फार कामात असता."

किती समजूतदार बाई, असं मला वाटलं. वास्तविक मी इथेच लहानाची मोठी झालेली. आमच्याकडे कुणी झाडाचं कौतुक केलं की 'त्या झाडाचं काहीतरी करा' असा त्याचा अर्थ, हे मला बाळकडूतच मिळालेलं. पण त्या क्षणी वनरक्षकाचा दुसरा परिच्छेद चालू होता.

पाटी येऊन नववा दिवस. सकाळचे साडेदहा. इतो मागच्या दाराच्या काचेला नाक लावून उभी.

"आई, काळं कुत्रं."

"हो का."

"आपल्या झाडावर."

"छान."

"कुत्रं झाडावर चढतं?"

"नाही गं, कुत्री कुठली..."

तेवढ्यात फोन सतराही ठिकाणांहून एकदम खणाणला. 'कामिसावा, चौथी गल्ली. घरामागच्या पर्सिमनवर अस्वल. बाहेर पडू नये.' सोबत नदीपलीकडून कुणी काढलेला फोटो.

कामिसावातली चौथी गल्ली म्हणजे आमचीच! माझं पित्त खवळलं. आयांच्या गटात मी ताबडतोब लिहिलं, 'अजूनही झाडावर फळं ठेवणारी माणसं आहेत! लहान मुलांचा तरी विचार करा म्हणावं!' मिनिटाच्या आत अकरा अंगठे आले. समाधानाने मी फोटो मोठा करून पाहिला. झाडाखाली दोरी, दोरीवर बेडकाचं चित्र असलेला पिवळा रेनकोट. इतोकडे अगदी तस्साच होता.

मी मान वर केली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. इतोला काखोटीला मारून मी न्हाणीघरात शिरले, कडी लावली आणि शूहेईला फोन केला.

"अस्वल आलंय!"

"कुठल्या प्रांतात?"

नारिंगी जॅकीटवाल्या शिकाऱ्यांनी येऊन पत्रे बडवले, तेव्हा अस्वल उतरून डोंगराकडे गेलं. फार घाईत नव्हतं, असं नंतर कळलं.

दुपारी कुबोदेरा आजी आल्या, मागे शिडी घेतलेले ओइकावा आणि टोपल्या घेतलेली निम्मी गल्ली. दारातच आजींनी इतोची टोपी उचलली, गठ्ठा उचलला आणि पाटी काढून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. 'अस्वलं फळांना येतात. रविवारपर्यंत झाडं मोकळी करावीत. ज्यांना जमणार नाही त्यांनी सांगावं, सगळे मिळून काढू.' आमच्या आणि आमच्यानंतरच्या आठही घरांच्या नावांपुढे शिक्काच नव्हता.

"आमचं काही अडलं नाही हो," ओइकावा नम्रपणे म्हणाले. "तुमचं झाड बघूनच आम्ही आमची फळं उतरवली."

मी माफी मागत कमरेतून वाकले. वर यायची हिंमत होईना. "इतकं वाचत होते हो मी. सगळं वाचत होते."

"वाचत होतात, पण शिक्का कुठे मारत होतात?" आजी म्हणाल्या. "वाचलं की शिक्का, शिक्का मारला की पुढच्या घरी. बातमी साठवायची नसते. कुजते."

संध्याकाळपर्यंत झाड बोडकं झालं. एरवी शेंड्यावर पाखरांसाठी एक ठेवतात, यंदा तेही काढलं. मग ओसरीवर बसून आम्ही ती तुरट फळं सोलून वाळवणाला दोऱ्यांवर बांधत राहिलो. माझे हात कोपरापर्यंत चिकट. आत फोन वाजत होता. आयांच्या गटातल्या माझ्या संतापाला तोवर चाळीस अंगठे झाले होते.

इतो अंगणात होती. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा. अस्वलं दूर राहावीत म्हणून दप्तराला बांधलेली घंटी वाजवत ती मोकळ्या झाडाभोवती गोल गोल पळत होती.

मी हात धुतले, पाटीवर शिक्का मारला आणि पाटी ओइकावांच्या हातात दिली. परत येऊन पाहते तो इतोने माझा शिक्का पळवलेला. लाल शाई लावून तिने तो वाजणाऱ्या फोनच्या काचेवर दाबला आणि फोन माझ्यापुढे धरला.

"वाचून झालं," ती म्हणाली. "आता शेजारी देऊन ये."