डोहावरची पतंग

माह्या तोंडाले सारा गाव भेते, हे मले माहीत आहे. पण संक्रांतीच्या दिवशी वैनगंगेत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून लोकायवर नजर ठेवाची म्हणजे गोड बोलून चालत नाई बापा! आम्ही ढिवर, मासे धरणारे अन् डोंगे चालवणारे. त्या दिवशी ब्रह्मपुरीकडून, सिंदेवाहीकडून जिपा भरभरून माणसं आंघोळीले येतात, अन् आमच्या घाटापुढंच डोह आहे. म्हणून डोहाच्या कडेनं बांबू रोवाचे अन् प्रत्येक बांबूजवळ आमच्यातला एक पोहणारा उभा कराचा, हा आमचा जुना पहारा. बांबूपलीकडं पाय टाकला का माहा, या अन्नपूर्णाबाईचा, धपाटा पाठीत बसलाच समजा.

नूरुद्दीनभाऊ ब्रह्मपुरीचे. पावसाळ्यात छत्र्या दुरुस्त करत, हिवाळ्यात पतंगा बनवत. संक्रांतीले त्यायचं दुकान आमच्या घाटावर लागे. त्यायची पोट्टी मदीहा बापापेक्षा सवाई. तिले पोहणं म्याच शिकवलं. त्याचं फळ काय, तर एक दिवस ही बया जुन्या छत्र्यायच्या कापडाची, दोन खाटा जोडल्या तर होईल एवढी काळी पतंग घेऊन आली, आमच्याच डोंग्याले बांधली, अन् वल्हं न मारता नदी पार करून गेली! डोंगा सुसाट, मागं पांढरा फेस, अन् ती मागं रेलून उभी. मी काठावर आ वासून पाहतच राह्यली. ती परत आल्यावर म्या तिले ज्या शिव्या घातल्या, त्या इथी सांगण्यासारख्या नाईत.

"मावशी, संक्रांतीले साऱ्यायसमोर चालवू द्या ना," ती म्हणे.

"अन् ती दोरी एखाद्या बाईच्या गळ्याले लागली तर? काऊन वं, मुंडकं जोडून देशील का?"

पण हट्टाले पेटली पोट्टी. शेवटी आमचे मुखिया पत्रूमामा यायच्यापाशी बैठक बसली. मामा कमी बोलणारा माणूस. ते म्हणाले, "एकडाव पाहू. कोणाले खरचटलं नाई, तर तुले हा डोंगा चालवाले नदीचा एक पट्टा कायमचा देऊ. खरचटलं, तर पतंगीचा डोंगा बंद, अन् तुह्या बापाचं दुकान बी या घाटावरून उठलं." मी तर भडकलीच. पोरीच्या हौसेपायी बापाच्या पोटावर पाय काऊन? पण नूरुद्दीनभाऊ म्हणाले, "मंजूर."

मंग म्या माह्या अटी सांगितल्या. काचेचा मांजा चालणार नाई, आमच्या जाळ्याची दोरी पाहिजे. चालवाचं ते डोहाच्या पल्याडच. माहा घरवाला धनराज दुसऱ्या डोंग्यात मागं राहीन. अन् कमरेले विळा. मी लाल पदर हालवला का दोरी कापून मोकळं व्हाचं.

तिनं साऱ्याले मान डोलावली, पण विळा पाहून हसली. "स्वतःच्या हातानं आपलीच पतंग कापू? आम्हा पतंगवाल्यायत तोंड दाखवाची सोय राहणार नाई, मावशी. पतंग ओढू लागली तर ढील द्याची असते."

"तुही ढील घाल चुलीत," म्या म्हणलं, अन् विळा तिच्या कमरेले स्वतः बांधला.

संक्रांतीले घाटावर मुंगीले शिरासाठी जागा नव्हती. मदीहा पल्याडच्या काठानं निघाली अन् माय वं, काय सांगू! काळी पतंग आभाळात चढली, डोंग्याचं नाक वर उचललं, अन् पोट्टी पाण्यावरून अशी गेली का आंघोळीवाल्या म्हाताऱ्या बी हातातला लोटा विसरल्या. लोकं टाळ्या पिटून राह्यले. माह्या छातीत असं काही भरून आलं का पहाऱ्यावर आहो हेच क्षणभर विसरली. माही पोट्टी, माही शिकवलेली पोट्टी!

दुसऱ्या फेरीले हवा फिरली.

पतंग आमच्या घाटाकडं वळली अन् डोंगा तिच्यामागं, सरळ डोहावरून. मदीहाच्या हातानं लहानपणापासून जे केलं तेच केलं. ढील देली. डोंगा थांबला, पण पतंग बायायच्या डोक्यावर आली अन् ढिली दोरी खाली, खाली, पार मानेएवढ्या उंचीवर. आता वाऱ्याचा एक झटका बसला असता, तर ती दोरी खणकन ताणली असती.

"वाका! खाली बसा!" मी बोंबलली. पदर हालवला, गळा फाडला. मदीहानं माह्याकडं पाह्यलं, मंग काठावर बापाकडं पाह्यलं.

नूरुद्दीनभाऊ दुकान सोडून पाण्यात धावले होते. जिंदगीत ज्या माणसानं आपली पतंग हातानं कापली नाई, तो माणूस ओरडला, "काट बेटा! काट!"

तिनं विळा मारला. दोरी लुळी पडली. मी म्हणलं, वाचलो रे देवा.

कुठचे वाचलो! संक्रांतीच्या दिवशी पतंग कटली का आमच्याकडं पोट्टे तर पोट्टे, नातवंडवाले बुढे बी लुटाले धावतात. घाटावरून एकच आवाज उठला, "वो काऽऽट!" अन् हवा पुन्हा पलटली, पतंग पडली ती नेमकी डोहाच्या मधोमध. तिच्याएवढी पतंग कोणी जन्मात पाह्यली नव्हती. सारी गर्दी बांबू पाडत आमच्यावर आली. अर्ध्यायले पोहता येत नव्हतं. मी एकाले केसानं धरलं, दुसऱ्याले कोपरानं पाडलं, पत्रूमामानं हात पसरून चौघायले अडवलं, पण किती जणायले अडवाल? आज नदी माणसं खाते, असंच वाटलं.

तेव्हाच डोंग्यातून धप्पकन आवाज आला. मदीहानं उडी मारली होती. दातात विळा धरून ती पतंगीपर्यंत पोचली, तिच्यावर आडवी झाली, कापडात विळा घातला अन् या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडत गेली. सारा पावसाळा बसून टाका टाका शिवलेली पतंग! मंग चिंध्या वर धरून ओरडली, "फाटली! फाटली रे! काई राह्यलं नाई!"

फाटक्या पतंगीले कोणी लुटत नाई. लुटणाऱ्याचे पाय आपोआप थांबले. "फाटली जी," मागच्यायनं पुढच्यायले सांगितलं अन् गर्दी कुरकुरत मागं सरली. पुढं आलेल्या दोघायले गटांगळ्या बसल्या, त्यायले धनराजनं डोंग्यात ओढलं. खोकले, शिव्या खाल्ल्या, घरी गेले. कोणाले खरचटलं बी नाई.

मदीहा पोहत आमच्यापाशी आली. थंडीनं ओठ निळे पडले होते. मी तिले रागवाले तोंड उघडलं, अन् खरं सांगते, पदर पिळून तिचं तोंडच पुसाले लागली. एवढ्या माणसायचा जीव वाचवाले आपलं काळीज असं फाडणारी पोट्टी म्या दुसरी पाह्यली नाई. ओल्या डोक्यावरून नुसता हात फिरवला.

पत्रूमामा तिच्याकडं पाहत म्हणाले, "थकली का वं?"

"नाई, मामा."

"मंग धनराजच्या बांबूपाशी उभी राह्य. तो तुह्यामागं डोंग्यात होता, आता ते दोन पोट्टे पोचवाले गेला, जागा सकाळपासून खाली आहे."

आमच्या रांगेत ढिवरायशिवाय कोणी कधी उभं राह्यलं नव्हतं. मदीहा गेली, पडलेला बांबू उचलून रोवला अन् ओल्या कपड्यानं उभी राह्यली. नूरुद्दीनभाऊ काठावर रडून राह्यले होते, अन् लपवत बी नव्हते.

जरा वेळानं मामानं तिकडं न पाहताच सांगितलं, "दुसरी पतंग शिव. घाटाच्या खालचा पट्टा तुहा. आंघोळीवाले तिकडं जाणार नाई, आम्ही पाहून घेऊ."

पतंग फाडताना त्या पोट्टीच्या डोळ्यात टिपूस नव्हता. आता मात्र ती भर पाण्यात हमसून हमसून रडाले लागली. मी जवळ जाणारच होती, पण गेली नाई. कारण रडता रडता बी तिची नजर आंघोळीवाल्यायवरून हालली नव्हती.